गोठ्यात उरलेली देवी

२००९ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या काही गावांत माणसांच्या हातांवर फोड उठू लागले. ताप यायचा, अंग मोडून यायचं, बोटांवर आणि पंजावर टणक पुळ्या दिसायच्या. पुळीत पाणी धरायचं, मग पू, मधोमध खळगा पडायचा आणि वर काळी खपली धरायची. हात ठणकायचा, काखेत अवधाण यायचं. गोठ्यातल्या म्हशींच्या सडांवर, कासेवर, कानांवर आणि पापण्यांवरही असेच फोड होते. सोलापुरात १६६ आणि कोल्हापुरात १८५ माणसांची नोंद झाली. खपल्यांचे आणि फोडांतल्या पाण्याचे नमुने तपासल्यावर विषाणू हाती लागला. तो होता बफेलोपॉक्स, म्हणजे म्हशींची देवी.

देवी तर गेली, असं आपण शाळेत शिकलो, आणि ते खरंच आहे. माणसाची देवी गेली. पण तिचा गोतावळा मोठा आहे, आणि त्यातले काहीजण आपल्या गोठ्यात, मेंढवाड्यात आणि मुलांच्या कातडीवर अजून नांदत आहेत. माझ्या आजीच्या गालांवर देवीचे वण होते आणि माझ्या दंडावर लशीचा वण आहे. माझ्या मुलीच्या दंडावर देवीच्या लशीची खूणच नाही. एका घरातल्या या तीन कातड्यांमध्ये एका रोगाचा शेवट लिहिलेला आहे, म्हणून मला या घराण्याची ओढ वाटते.

या घराण्याला पॉक्स विषाणू म्हणतात. विषाणूंच्या मानाने हे धिप्पाड, विटेच्या आकाराचे आणि सुमारे दोनशे जनुकं बाळगणारे. बहुतेक डीएनए विषाणूंना वाढायचं तर पेशीच्या केंद्रकात शिरावं लागतं, तिथली यंत्रसामग्री वापरावी लागते. पॉक्स विषाणूंचं तसं नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं आपल्या जनुकांच्या नकला काढायची अवजारं ते सोबतच आणतात आणि केंद्रकाबाहेर, पेशीद्रवातच संसार थाटतात. शरीराच्या प्रतिकारशक्तीला चकवणारी प्रथिनंही त्यांच्याकडे असतात. आणि खपली वाळली तरी तिच्यातला विषाणू बराच काळ तग धरतो. देवीच्या रोग्याचं अंथरूण जाळून टाकायची जुनी रीत अडाणीपणाची नव्हती.

एक गोंधळ आधी दूर करू. कांजिण्या या घराण्यातल्या नाहीत, त्यांचा विषाणू नागिणीचा. कांजिण्यांचा भर छाती-पाठीवर असतो आणि नवे-जुने फोड एकाच वेळी दिसतात. देवीचे फोड चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट यायचे, एका भागातले सगळे एकाच अवस्थेत असायचे आणि खोलवर रुतलेले असायचे. म्हणूनच वण राहायचे. दर दहा रोग्यांतले साधारण तीन दगावत. वाचलेल्यांपैकी काहींची दृष्टी जायची.

आता लस. हा शब्दच मला फार बोलका वाटतो. फोडातून किंवा जखमेतून झिरपणाऱ्या चिकट पाण्याला मराठीत लस म्हणतात. इंग्रजीतल्या ‘व्हॅक्सिन’ या नावाच्या मुळाशी गाय आहे, आपल्या नावात फोडाचं पाणी आहे, आणि दोन्ही अगदी खरी आहेत. १७९६ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस घेऊन जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचली. साराला तो फोड गायीची धार काढताना आला होता. पुढे त्या मुलाला देवीची लागण मुद्दाम करून पाहिली, ती झाली नाही.

ही लस हिंदुस्थानात आणायची कशी, हा मोठा पेच होता. उन्हात ती मरून जाई. मग दंडावरून दंडावर असा प्रवास ठरला. एकाला टोचायचं, आठवड्याने त्याचा फोड भरला की त्यातली लस दुसऱ्याला द्यायची. अशी साखळी बगदाद आणि बसऱ्यावरून मुंबईपर्यंत पोचली आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचलेली लस लागली. हिंदुस्थानात लस लागलेलं हे पहिलं मूल. तिच्या दंडावरच्या फोडातून आणखी पाच मुलांना लस मिळाली आणि तिथून ती देशभर गेली. त्या चिमुरडीचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पुढे लस जनावरांच्या कातडीवर वाढवायला लागले. बेळगावात व्हॅक्सिन डेपो नावाची जागा आजही आहे, तिथे देवीची लस तयार व्हायची. खेड्यापाड्यांत टोचायला जाणाऱ्याला लोक देवी डॉक्टर म्हणत. शीतलादेवीचा कोप होईल म्हणून पोरं लपवली जात, तरी तो दारोदार फिरायचा.

शेवटची झुंज फार कठीण गेली. १९७४ साली भारतात १ लाख ८८ हजार रुग्णांची नोंद झाली, सर्वाधिक हाल बिहारचे झाले. तोवर शस्त्रं मात्र सुधारली होती. थंडपेटीशिवाय टिकणारी कोरडी लस आली होती आणि दोन टोकांची सुई आली होती. सुईच्या दोन टोकांत लशीचा थेंब अडकायचा, कातडीवर पंधरा वेळा टोचलं की काम झालं. सगळ्यांना टोचत बसण्यापेक्षा रोगी शोधा, त्याच्याभोवतीच्या माणसांना टोचा आणि साखळी तोडा, ही युक्ती लागू पडली. हातात देवी आलेल्या मुलाचं चित्र घेऊन कार्यकर्ते घरोघर विचारत हिंडले. मे १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण सापडला, ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात अली माओ मालिन हा नैसर्गिक लागण झालेला जगातला शेवटचा रुग्ण. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवी संपल्याचं जाहीर केलं. हे जमलं त्याला एक मोठं कारण होतं. हा विषाणू माणसाखेरीज कुणातच राहत नव्हता. त्याला लपायला गोठा नव्हता.

त्याच्या भाऊबंदांना मात्र गोठा आहे. माणसाला टोचल्या जाणाऱ्या लशीत व्हॅक्सिनिया नावाचा विषाणू असे. जेन्नरच्या गायीच्या विषाणूहून तो वेगळा निघाला. जनुकं पाहता त्याचं जवळचं नातं घोड्यांच्या देवीशी आहे. आणि म्हशींची देवी हे या व्हॅक्सिनियाचंच एक रूप. नुकतीच लस टोचलेल्या माणसांच्या दंडावरून तो म्हशींत गेला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. या रोगाची नोंद अविभाजित भारतात १९३० च्या दशकापासून आहे आणि १९९२ ते १९९६ या काळातही महाराष्ट्रात त्याच्या साथी तपासल्या गेल्या. ब्राझीलमध्येही दुभत्या गायींत व्हॅक्सिनिया असाच रुळला आहे.

सारा नेल्म्सचा हात आणि पंढरपूरकडच्या एखाद्या बाईचा हात मला इथे शेजारी दिसतात. दोघींनी धार काढली, दोघींना सडावरच्या फोडातून लागण झाली. फोडाने बाई मरत नाही, पण दोन-तीन आठवडे तिच्या हाताला काम धरवत नाही. म्हशीचे सड दुखतात, ती दूध चोरते, कासेला सूज येते. ज्या घराचा आठवडा दूध डेअरीच्या हिशेबावर चालतो, तिथे हा फार मोठा फटका आहे.

बाकीचे भाऊबंद थोडक्यात. मेंढ्या-करडांच्या तोंडाला येणारा मावा धनगरांच्या बोटांवर एखादा जाड फोड उठवतो. लहान मुलांना मोत्यासारखे, मधोमध खळगा असलेले फोड येतात, त्यांचं नाव मोलस्कम. ते महिनोन् महिने राहतात आणि आपले आपण जातात. गुरांच्या लम्पीचा विषाणू याच घराण्यातला, पण माणसाला तो लागत नाही. २०२२ च्या साथीत दूध प्यायला घाबरलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

खरी काळजी आणखी एका भाऊबंदाची, एमपॉक्सची. १९५८ साली कोपनहेगनच्या प्रयोगशाळेतल्या माकडांत तो सापडला, माणसात पहिल्यांदा १९७० साली काँगोमधल्या नऊ महिन्यांच्या बाळात. देवीची लस त्यालाही बरीच अडवायची. लस थांबली आणि तो आडोसा न मिळालेल्या पिढ्या वाढत गेल्या. २०२२ मध्ये तो जगभर पसरला, जुलैमध्ये केरळात भारतातला पहिला रुग्ण सापडला. २०२४ मध्ये पुन्हा जागतिक आणीबाणी जाहीर करावी लागली.

गोठ्यातल्या माणसाने काय करायचं ते अवघड नाही. फोड असलेलं जनावर वेगळं बांधावं, त्याची धार शेवटी काढावी, हातावर चीर असेल तर दुसऱ्याला बसवावं, आधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत, गळलेल्या खपल्या उकिरड्यावर टाकू नयेत. आणि दवाखान्यात कुणी हातावरचा फोड घेऊन आलं, तर तपासणाऱ्याने एवढं जरूर विचारावं: “घरी म्हैस आहे का, मावशी? तिच्या सडांवर काही उठलंय का?”