जुन्या चौकटीची फणेरपेटी

जुने घर उतरवायला काढले की तुळया, खांब, चौकटी अंगणात येऊन पडतात. धड नग गिऱ्हाईक घेऊन जातो आणि उरलेले तुकडे चुलीत जातात. तुमच्याही परसात असा ढीग असेलच. मोडक्या बैलगाडीचे बाभळीचे आरे, फुटके जू, फणसाच्या दाराची फळी, सागाच्या चौकटीचा हात-दीड हात उरलेला तुकडा. ते जाळण्याआधी एवढे करा : एका तुकड्यावर रंधा मारा आणि ओले फडके फिरवा. धुराने काळवंडलेल्या लाकडाच्या पोटातला रंग लगेच दिसेल. साग सोनेरी, फणस पिवळा, बाभूळ तांबूस, शिसव जांभळट काळे. जिथे फांदी फुटली होती किंवा गाठ होती, तिथे रेषा वळून भोवऱ्यासारखी नक्षी उमटते. सुतार तो भाग टाकून देतो, कारण त्याला जोर नसतो. पेटीच्या झाकणाला मात्र तोच हवा.

आमच्या घरी वाटण्या झाल्या, वाडा उतरला, तेव्हा अक्काने काहीच मागितले नाही. म्हणून मी चौकटीच्या सागाची फणेरपेटी करून दिली. झाकणात आरसा, खाली फणी, करंडा आणि मेणाची डबी ठेवायला खण. झाकणाला शोभा म्हणून नुकत्याच पडलेल्या आंब्याची फळी घेतली, आणि तीही चारही बाजूंनी डिंकाने घट्ट बसवली. हे श्रावणात. चैत्रात अक्का माहेरी आली ती पेटी पदराखाली झाकून. झाकण मधोमध फाटले होते. ती काही बोलली नाही, पण मला तोंड वर करवेना.

चूक लाकडाची नव्हती. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तेही लांबीला नव्हे, रुंदीला. ओले असेल तर आणखीच. म्हणून जुने, वाळलेले लाकूडच घ्या. ताजी फळी असेल तर टोकांना मेण लावा, मध्ये पट्ट्या देऊन सावलीत रचा आणि इंचभर जाडीला निदान एक वर्ष द्या. अधूनमधून एक तुकडा तराजूत टाकून पाहा. वजन उतरायचे थांबले की लाकूड वाळले. सालीकडचे पांढरे लाकूड काढून टाका, भुंगा आधी तेच पोखरतो. आणि जुन्या लाकडावर लोहचुंबक फिरवायला विसरू नका, एक दडलेला खिळा रंध्याचे पाते घालवतो.

आता पेटी. नऊ इंच लांब, सहा रुंद, चार उंच पुरे. चारही बाजू एकाच फळीतून ओळीने कापा, म्हणजे रेषा कोपऱ्यावरून वळून पुढे चालत गेलेली दिसते. जाडी चार सूत. कोपरे पंचेचाळीस अंशात कापा. झाकणासाठी फणस, शिसव, बाभूळ यांच्या पट्ट्या शेजारी-शेजारी चिकटवा. सगळ्यांची रेषा पेटीच्या लांबीकडेच हवी. ही फळी आणि तळ बाजूंच्या खाचेत सैल बसवा, डिंक लावू नका. उन्हाळ्यात करत असाल तर रुंदीच्या दोन्ही कडांना अर्धा-अर्धा सूत जागा सोडा.

चारही कोपऱ्यांना फेविकॉल लावा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने पेटी करकचून बांधा. याहून चांगला शिकंजा मला ठाऊक नाही. बाहेर आलेला डिंक लगेच ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर तिथे पॉलिश धरत नाही. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यांवर करवतीने आडव्या चिरा पाडून त्यात उठून दिसणाऱ्या रंगाच्या पातळ चकत्या चिकटवा. नुसता डिंकाचा कोपरा टिकत नाही. पेटी अशी चहूबाजूंनी बंद झाली, की वरून सव्वा इंचावर रेघ मारून करवतीने कापा. झाकण आणि पेटी वेगळी होतात, रेषा मात्र जुळलेल्या राहतात. मग बिजागऱ्या.

घासताना नाकातोंडावर फडके बांधा. शिसवाच्या भुश्याने कातडी चुरचुरते. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे पातळ हात द्या. शेंगदाण्याचे तेल लावू नका, ते वाळत नाही. जवसाचे लावलेत तर त्याचे फडके मोकळ्यावर पसरून वाळवा. बोळा करून कोपऱ्यात टाकले तर आपोआप पेटू शकते.

झाड तोडूनच लाकूड काढायचे असेल तर आधी विचारा. साग, चिंच, आंबा, फणस, खैर ही झाडे स्वतःच्या शेतात असली तरी १९६४च्या राज्य कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. पण खरे सांगायचे तर पेटीला झाड कशाला? मोडके जू पुरते.

अक्काला दुसरी पेटी दिली, तिला आता बरेच पावसाळे झाले. फणसाची पट्टी पिवळी होती, ती उजेडाने मधासारखी गडद झाली आहे. चौकटीच्या तुकड्यावर बिजागरीच्या जुन्या खिळ्याचे एक काळे भोक होते. ते मी बुजवले नाही. ते पुढच्या बाजूला येऊ द्या, असे तिनेच सांगितले होते.