सह्याद्रीचा हिरवा स्फटिक

ॲपोफिलाइट हे नाशिक, पुणे, जळगाव आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या काळ्या कातळात सापडणारे खनिज आहे. बहुतेक वेळा ते रंगहीन किंवा दुधाळ असते. क्वचित एखाद्या पोकळीत ते हिरवे निघते, कधी कोवळ्या पोपटी छटेचे, कधी थेट पाचूची आठवण करून देणारे. स्टिलबाइट या फिकट गुलाबी, शेंदरी झाक असलेल्या खनिजावर बसलेला हिरवा ॲपोफिलाइट जगभरचे संग्राहक महाराष्ट्राची खूण म्हणून ओळखतात. ज्या मुलखात तो निघतो तिथल्या बहुतेकांना मात्र त्याचे नावही ठाऊक नाही.

त्याचा जन्म लाव्हात झालेला असला, तरी तो लाव्हातून थेट तयार होत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा थिजताना त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपाने अडकून राहिला आणि खडकात पोकळ्या उरल्या. काही वाटाण्याएवढ्या, तर काही माणूस आत वाकून शिरेल एवढ्या. पुढे या खडकातून कोमट आणि गरम पाणी झिरपत राहिले. वाटेत त्याने सिलिका, कॅल्शियम, पोटॅशियम विरघळवून घेतले आणि पोकळीत येऊन सोडले. अशा रीतीने तिच्या भिंतींवर एकामागून एक खनिजांचे थर चढले. एखादी पोकळी नीट पाहिली, तर हा क्रम डोळ्यांना वाचता येतो: तळाशी हिरवट मातकट थर किंवा कॅल्सेडोनी, त्यावर ह्यूलँडाइट व स्टिलबाइट ही खनिजे, आणि बऱ्याचदा सर्वांत वर, मोकळ्या जागेत ऐसपैस वाढलेले ॲपोफिलाइटचे चौकोनी खांब किंवा टोकदार मनोरे.

पाचूचा हिरवा रंग मुख्यतः क्रोमियममुळे येतो. ॲपोफिलाइटची गोष्ट वेगळी आहे. पुण्याच्या हिरव्या स्फटिकांवर जॉर्ज रॉसमन या अमेरिकी खनिजशास्त्रज्ञाने 1974 मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि त्यांच्या रंगाचे कारण व्हॅनेडियम असल्याचे दाखवले. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या याच काळ्या कातळात, हे मूलद्रव्य अल्प प्रमाणात असतेच. ते पाण्यातून स्फटिकात उतरले तर रंग चढतो. त्यामुळे एकाच खाणीत एक पोकळी हिरवी, तर शेजारची पांढरी निघू शकते.

ॲपोफिलाइट हे नाव फ्रेंच खनिजतज्ज्ञ रेने-जुस्त आउई यांनी 1806 मध्ये दिले. भारतातल्या स्फटिकांकडे युरोपचे लक्ष वेधले ते मुख्यतः रेल्वेमुळे. मुंबईहून घाटमाथ्यावर चढणारे दोन लोहमार्ग सह्याद्री फोडून काढावे लागले. बोरघाट 1863 मध्ये खुला झाला आणि कसाऱ्याहून इगतपुरीला चढणारा थळघाट 1865 मध्ये. बोरघाटाच्या बोगद्यांतून निघालेले स्फटिक तेव्हाच इंग्लंडच्या संग्रहालयांत पोहोचले. नंतरची भर दगडखाणींनी आणि विहिरींनी घातली. नाशिकच्या पांडवलेणीच्या डोंगरालगतच्या खाणी, पुण्याजवळची पाषाण टेकडी आणि जळगावच्या खाणी ही नावे परदेशी संग्रहांतल्या चिठ्ठ्यांवर वारंवार दिसतात. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्यात 2001च्या सुमारास एका विहिरीतून गडद हिरव्या स्फटिकांचे गोलसर झुबके निघाले. आजही संग्राहक त्यांना हिरव्या ॲपोफिलाइटचा मानदंड मानतात.

हे सगळे साठे अपघाताने सापडतात. ॲपोफिलाइटची म्हणून वेगळी खाण नसते. खडीसाठी सुरुंग लावला जातो, पाण्यासाठी विहीर खोदली जाते, आणि दगड फुटल्यावर पोकळी उघडी पडते. ती वाचवायची की क्रशरमध्ये टाकायची, हे त्या क्षणी पहार-हातोडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेवर आणि सावध हातावर ठरते. या व्यापारात त्या कामगाराच्या कौशल्याचा उल्लेख फार कमी होतो, आणि तो व्हायला हवा. स्फटिकाभोवतीचा खडक छिन्नीने हळूहळू सोडवणे हे कसबी हाताचेच काम आहे.

नाशिक जिल्ह्यात हा खजिना पाहायचा तर सिन्नरजवळच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतील गारगोटी संग्रहालयात जावे. भारतीय नौदलात नोकरी केलेल्या के. सी. पांडे यांनी जमवलेल्या संग्रहातून ते उभे राहिले. दख्खनच्या पोकळ्यांतली खनिजे मूळ खडकासह तिथे मांडलेली आहेत.

या स्फटिकाला जोडले जाणारे अर्थ अलीकडचे आहेत. पाचूला भारतीय रत्नपरंपरेत बुधाचे रत्न मानतात आणि नवरत्नांत त्याचे स्थान ठरलेले आहे. ॲपोफिलाइट त्या यादीत नाही. मनःशांती देणारा, नकारात्मकता घालवणारा खडा म्हणून त्याची जाहिरात होते, ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत फोफावलेल्या स्फटिकोपचारांतून आली. त्या दाव्यांना शास्त्रीय आधार नाही.

अंगठीसाठी तर हा खडा घेऊच नये. त्याची कठीणता मोहस् मापावर साडेचार ते पाच एवढीच भरते. पाचूची साडेसात ते आठ. घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झची कठीणता सात आहे. म्हणजे कोरड्या फडक्याने पुसले तरी पृष्ठभागावर ओरखडे उठतात. शिवाय स्फटिकाच्या उभ्या अक्षाला काटकोनात तो सहज चिरतो. टेबलावरून पडला तर सपाट पापुद्रा निघून येतो, आणि त्या चिरेवर मोत्यासारखी चमक दिसते.

उष्णतेचे भय सर्वांत मोठे. या खनिजाच्या वजनाचा जवळजवळ सहावा हिस्सा पाणी असते. ते स्फटिकाच्या रचनेतच बांधलेले असते. तापवल्यावर ते बाहेर पडते, पापुद्रे सुटतात आणि चमक जाते. म्हणून स्फटिक तापणाऱ्या दिव्याखाली किंवा उन्हाळ्यात काचेच्या खिडकीत ठेवू नये. वाफेने किंवा अल्ट्रासॉनिक यंत्रात तो साफ करू नये.

धूळ आधी रबरी फुग्याच्या हवेने उडवावी. डाग राहिलेच तर साधे पाणी, थेंबभर सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. नंतर सावलीत वाळवावे. लिंबू, व्हिनेगर किंवा बाथरूमचे ॲसिड जवळ आणू नये. हायड्रोक्लोरिक ॲसिडात ॲपोफिलाइटचे विघटन होते, आणि सोबत कॅल्साइट हे खनिज असेल तर ते व्हिनेगरमध्येही विरघळते. नमुन्यावर स्कोलेसाइट या खनिजाच्या बारीक सुया असतील तर पाणीही टाळावे, आणि बांधताना कापूस वापरू नये, कारण त्याचे तंतू सुयांत अडकून त्या मोडतात.

विकत घेताना स्फटिक आणि खडक यांचा सांधा भिंगाखाली तपासावा. तुटलेले स्फटिक डिंकाने चिकटवून विकले जातात. सांध्यात बुडबुडे दिसले किंवा अतिनील दिव्याखाली तिथली रेघ चमकली, तर शंका घ्यावी. ठिकाणाची चिठ्ठी नमुन्यासोबतच ठेवावी. खाण, गाव, जिल्हा आणि सापडल्याचे वर्ष एवढे तिच्यावर असावे. खाण बुजल्यावर किंवा विहीर बांधून झाल्यावर त्या पोकळीची माहिती देणारा दुसरा पुरावा बहुधा उरत नाही.