‘क्रेडिट’ म्हणजे जमा की उधार?

देवनहळ्ळीत नोकरीधंद्यासाठी राहणाऱ्या मराठी माणसाला ‘क्रेडिट’ हा शब्द सारखा भेटतो: पगाराच्या मेसेजमध्ये, कार्डावर, कर्जाच्या अर्जात, सोसायटीच्या पाटीवर. इंग्रजीत शब्द एकच. मराठीत मात्र जमा, उधार, पत आणि श्रेय असे त्याचे वेगवेगळे अर्थ होतात. श्रेयाचा बँकेशी संबंध नाही, ते सोडून देऊ. बाकी तिघांत गल्लत झाली तर नुकसान तुमचे होते.

पासबुकात ‘क्रेडिट’च्या रकान्यातली रक्कम म्हणजे जमा. ती तुमची. कन्नडमध्येही तिला जमाच म्हणतात. पण ‘क्रेडिटेड’ असा नुसता मेसेज आला म्हणजे पैसे आले असे नाही. तसा मेसेज कोणीही पाठवू शकतो. ‘चुकून तुमच्या खात्यात पाच हजार गेले, परत करा’ असा फोन आला तर आधी बँकेच्या अ‍ॅपवर किंवा पासबुकात शिल्लक बघा. पैसे खरेच आलेले असले तरी परस्पर पाठवू नका, बँकेला कळवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही सांगा.

कार्डावरचे क्रेडिट मात्र उधार. ‘अव्हेलेबल क्रेडिट ५०,०००’ हे वाचून पन्नास हजार हाताशी आहेत असे वाटते. खरे तर तेवढी उधारी करायची मुभा आहे, इतकेच. बिलावरची ‘मिनिमम ड्यू’ रक्कम भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही. ते अनेक कार्डांवर महिन्याला ३ टक्क्यांहून जास्त असते. या कार्डाने एटीएममधून रोख काढली, तर व्याज त्याच दिवसापासून सुरू.

क्रेडिट स्कोअरमधले क्रेडिट म्हणजे पत. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि हप्ते वेळेवर भरले की तो टिकतो. तुमचा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका.

आता पाटीवरचे क्रेडिट. ‘क्रेडिट को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ला कन्नडमध्ये ‘पत्तिन सहकार संघ’ म्हणतात. आपली पतसंस्था ती हीच. काउंटर, पासबुक, ठेवीची पावती सगळे बँकेसारखे दिसते, व्याजही बहुधा चढे. पण बँकेतल्या ठेवीला व्याजासकट, प्रत्येक ठेवीदारामागे, ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे (४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ते १ लाखच होते). सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. म्हणून मुदतठेवीचा अर्ज भरण्याआधी काउंटरवर सरळ विचारा, ही बँक आहे की सोसायटी, आणि ठेव विम्याचे प्रमाणपत्र दाखवायला सांगा.