विनोदी संवादांचे लेखक शरद जोशी

शरद जोशी हें नांव उच्चारलें कीं महाराष्ट्रांतील बहुतेकांस शेतकरी संघटनेचे पुढारी आठवतात. येथें ज्यांचा परिचय करून द्यावयाचा आहे ते शरद जोशी निराळे. हे हिंदीतील विनोदकार. जन्म उज्जयिनीस २१ मे १९३१ रोजीं, आणि अखेरचीं वर्षें मुंबईंत गेलेलीं. ज्या घरांतून त्यांचें नांवहि ठाऊक नाहीं, तेथेंसुद्धां त्यांच्या संवादांना मंडळी पोट धरून हंसलेली आहेत. पटकथालेखकाच्या नशिबीं बहुधा हेंच यावयाचें. नट लक्षांत राहतो; लेखकाचें नांव पडद्यावरून सरकून जातें.

जोशींचा मूळ पिंड उपहासकाराचा. कांहीं काळ वृत्तपत्रें व आकाशवाणी, मग मध्यप्रदेश सरकारच्या माहिती खात्यांत नोकरी, आणि पुढें तीहि सोडून केवळ लेखणीवर निर्वाह, असा त्यांचा क्रम झाला. संसारी माणसाच्या दृष्टीनें हें धाडसच. परंतु कचेरी आंतून पाहिलेली असल्यामुळें त्यांच्या लेखनाला निराळीच धार आली. 'जीप पर सवार इल्लियाँ' या त्यांच्या लेखांत हरभऱ्यावरील अळ्या पाहावयास साहेब जीपमधून शेतावर जातात, आणि परत येतांना खऱ्या अळ्या जीपमध्येंच बसल्या असल्याचा प्रत्यय वाचकास येतो. असले गद्य लेख ते कविसंमेलनांत वाचून दाखवीत, आणि कवितेसाठीं जमलेला समुदाय तें आवडीनें ऐकत असे.

१९८४ सालीं दूरदर्शनवर 'ये जो है ज़िन्दगी' ही मालिका सुरू झाली, आणि या लेखणीपुढें नवाच प्रश्न उभा राहिला. मालिकेचा घाट साधा आहे. एक नवराबायको, आणि त्यांच्याकडेच राहणारा बायकोचा भाऊ. शफी इनामदार, स्वरूप संपत व राकेश बेदी यांनीं हीं कामें केलीं. सतीश शहा मात्र दर भागांत नव्या सोंगानें घरांत शिरत. लेखकाची खरी सोय यांतच आहे. घर तेंच, माणसें तींच, फक्त आगंतुक बदलावयाचा. म्हणजे मागचे भाग न पाहिलेल्या प्रेक्षकालाहि आजची गंमत पुरी कळते. अडचण अशी कीं, कथा बहुतेक दिवाणखान्यांतच घडते. धांवपळ नाहीं, रम्य स्थळें नाहींत. सगळा भार संवादांवर. शिवाय समोर आजोबांपासून नातवापर्यंत सर्व कुटुंब एकत्र बसलेलें! अशा ठिकाणीं उपहासाची नांगी आंत घ्यावी लागते. साहेबाला बोंचेल तें वाक्य येथें चालत नाहीं. मेव्हण्याचा आळस, शेजाऱ्याचा आगाऊपणा, नवऱ्याची थाप एवढेंच भांडवल.

मग उपहासकार बोथट झाला काय? तसा आक्षेप घेणाऱ्यानें त्यांचें दुसरें काम पाहावें. १९८५ पासून 'नवभारत टाइम्स'मध्यें 'प्रतिदिन' हें सदर ते लिहीत होते. सत्ताधाऱ्यांना काढावयाचे चिमटे तेथें निघत, आणि घरगुती हंसूं पडद्यावर जाई. दोन्ही कामें एकाच हातानें, आणि दोन्हींची भाषा सारखीच सोपी! रोज सकाळीं सदर व्हावें, भाग वेळेवर द्यावा, ही वेठ मात्र सोपी नव्हे.

चित्रपटांसाठींहि त्यांनीं संवाद लिहिले. 'छोटी सी बात' (१९७६) मधील भिडस्त कारकुनाचें प्रेम आणि 'उत्सव' (१९८४) मधील मृच्छकटिकाची उज्जयिनी, हीं दोन टोंकें. दुसरें तर त्यांच्या जन्मगांवचेंच. १९९० सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांचे संवाद असलेला 'दिल है कि मानता नहीं' जुलै १९९१ मध्यें प्रकाशित झाला, आणि त्यानंतर दोन महिने पुरते होण्याच्या आंतच, ५ सप्टेंबर रोजीं, मुंबईंत त्यांचें निधन झालें.

त्यांच्या कथांवर २००९ सालीं 'सब' वाहिनीनें 'लापतागंज' ही मालिका सुरू केली. शीर्षकाच्या जोडीला तिच्यावर आणखी एक ओळ होती : 'शरद जोशी की कहानियों का पता'.