पंधरा फेब्रुवारीपर्यंत थांबा

अमेरिकेत आयकराची विवरणपत्रं भरायला साधारण जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात होते. ऑनलाइन भरलेल्या बहुतेक विवरणपत्रांचा परतावा एकवीस दिवसांच्या आत मिळतो, असं तिथलं करखातं सांगतं. इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिस हे त्याचं नाव, बोलीत आयआरएस. पण सगळ्यांत आधी, अगदी पहिल्या दिवशी विवरणपत्र भरणाऱ्यांत जी लाखो कुटुंबं असतात, त्यांना हा एकवीस दिवसांचा हिशेब लागू होत नाही. त्यांची कागदपत्रं कितीही चोख असोत, १५ फेब्रुवारीच्या आधी त्यांना एक डॉलरही द्यायचा नाही, असा कायदाच आहे. त्यात प्रेसिडेंट्स डेचा सुट्टीचा सोमवार आणि बँकांचे दिवस धरले की पैसे खात्यात यायला फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्चचा पहिला आठवडा उजाडतो.

ही कुटुंबं काम करून खाणारी असतात. पगार कमी, घरात मुलं, आणि विवरणपत्रात दोनपैकी एका क्रेडिटवर दावा: अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट किंवा ॲडिशनल चाइल्ड टॅक्स क्रेडिट.

आपल्याकडे ‘रिफंड आला का?’ असं विचारलं जातं, तेव्हा विषय आपल्याच पैशांचा असतो. टीडीएस जास्त कापला गेला, तो परत मिळतो. अमेरिकेतली ही दोन क्रेडिटं त्याच्या पुढे जातात. कर शून्य झाला तरी उरलेली रक्कम सरकार रोख देतं, म्हणजे परतावा भरलेल्या करापेक्षा मोठा असू शकतो. दोन मुलांना एकटीनं वाढवणारी एखादी आई घ्या. २०२४ मध्ये तिनं २०,००० डॉलर कमावले. तिच्यासाठीची प्रमाणित वजावटच २१,९०० डॉलर, त्यामुळे आयकर शून्य. अर्न्ड इन्कम क्रेडिट ६,९६० डॉलर. मुलांच्या क्रेडिटचा रोख मिळणारा भाग २,६२५ डॉलर. बेरीज ९,५८५. वर्षभराच्या पगाराच्या जवळजवळ निम्मी रक्कम, आणि तीही एकाच दिवशी. ही खैरात आहे असंही म्हणता येत नाही, कारण आयकर शून्य असला तरी सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी तिच्या पगारातून ७.६५ टक्के पहिल्या डॉलरपासून कापले गेलेले असतात.

या व्यवस्थेची मुळं १९७० च्या दशकात आहेत. अध्यक्ष निक्सन यांनी गरीब कुटुंबांना किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना मांडली होती. सिनेटच्या अर्थ समितीचे अध्यक्ष, लुइझियानाचे रसेल लाँग, त्या कल्पनेच्या विरोधात होते. काम न करणाऱ्याला पैसे का द्यायचे, हा त्यांचा सवाल. त्याऐवजी काम करणाऱ्यालाच बक्षीस द्या, असं म्हणत त्यांनी ‘वर्क बोनस’ मांडला. जेराल्ड फोर्ड यांच्या काळात, १९७५ च्या कायद्यात, तो अर्न्ड इन्कम क्रेडिट होऊन आला. पहिल्या ४,००० डॉलर कमाईवर दहा टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ४०० डॉलर, तेही मूल असलेल्या कुटुंबालाच. १९७८ मध्ये तो कायमचा झाला, १९८६ मध्ये महागाईशी जोडला गेला, १९९० आणि १९९३ मध्ये बराच वाढवला गेला. चाइल्ड टॅक्स क्रेडिट १९९७ च्या कायद्यातलं. आज अर्न्ड इन्कम क्रेडिट घेणारी कुटुंबं आणि कामगार सुमारे २ कोटी ३० लाख आहेत.

गरिबांना मदत देणाऱ्या इतर योजनांसाठी अमेरिकेत वेगळी कार्यालयं आहेत, मुलाखती घेणारे कर्मचारी आहेत. हे पैसे मात्र करखात्याकडून येतात. त्याचा एक फायदा घेणाऱ्यांनी स्वतः सांगितला आहे. बॉस्टन परिसरातल्या ११५ कुटुंबांशी बोलून सारा हाल्पर्न-मीकिन, कॅथरिन एडिन, लॉरा टॅक आणि जेनिफर साइक्स यांनी २०१५ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केलं. मदत कार्यालयातल्या खुर्चीवर वाटणारी मान खाली जाण्याची भावना करसल्लागाराच्या टेबलावर वाटत नाही, हे त्यात ठळकपणे येतं. तिथे तुम्ही इतर सगळ्यांसारखेच करदाते असता. पण त्याची किंमतही आहे. वसुलीसाठी उभारलेल्या खात्यानं वाटप हाती घेतलं की समोरच्याकडे पाहण्याची त्याची नजर वसुलीचीच राहते.

१५ फेब्रुवारीची अट या नजरेतून आली, आणि ती आली त्या वेळी कारणही खरं होतं. २०१० नंतरच्या काही वर्षांत चोरलेल्या ओळखींवर खोटी विवरणपत्रं भरून परतावे लाटण्याचा धंदा फोफावला. फ्लोरिडातलं टॅम्पा शहर त्यासाठी बदनाम झालं. २०१३ च्या हंगामात अशा खोट्या दाव्यांवर सुमारे ५.८ अब्ज डॉलर गेले, असा खात्याचाच अंदाज होता. भोक वेळापत्रकात होतं. नोकरदाराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा डब्ल्यू-२ हा आपल्या फॉर्म १६ सारखा कागद. कंपन्यांना तो सरकारकडे पाठवायला फेब्रुवारीअखेरपर्यंत, ऑनलाइन असेल तर मार्चअखेरपर्यंत मुदत होती. परतावे मात्र जानेवारीअखेरीपासून निघायचे. म्हणजे विवरणपत्रातला पगाराचा आकडा खरा की खोटा, हे पडताळायचा कागद हाती येण्याआधीच पैसे गेलेले असायचे.

१८ डिसेंबर २०१५ रोजी बराक ओबामा यांनी सही केलेल्या कायद्यानं दोन्ही टोकं बांधली. ‘प्रोटेक्टिंग अमेरिकन्स फ्रॉम टॅक्स हाइक्स’ या लांबलचक नावाचं लघुरूप पाथ. डब्ल्यू-२ ची मुदत ३१ जानेवारीवर आणली, आणि या दोन क्रेडिटांचे परतावे १५ फेब्रुवारीपर्यंत रोखले. २०१७ च्या हंगामात तो पहिल्यांदा लागू झाला. रोखला जातो तो पूर्ण परतावा. म्हणजे क्रेडिटशी संबंध नसलेला, पगारातून जादा कापला गेलेला स्वतःचा करही त्याच कुलपात अडकतो.

कायद्याचे शब्द नीट वाचले की एक विसंगती समोर येते. रोक लागते ती मुलांच्या क्रेडिटच्या फक्त रोख मिळणाऱ्या भागावर. न्यू जर्सीत एडिसनला राहणारं एखादं मराठी अभियंता जोडपं दोन मुलांसाठी हेच क्रेडिट घेतं. पगार मोठा, कर मोठा, त्यामुळे सगळं क्रेडिट त्या करातूनच वजा होतं, रोख काही उरत नाही. त्यांचा परतावा एकवीस दिवसांच्या रांगेतून सरळ बाहेर पडतो. वर सांगितलेल्या त्या आईलाही तशीच दोन मुलं, पण कर नाही म्हणून क्रेडिट रोख मिळायचं, आणि म्हणून तिनं थांबायचं. तिच्या विवरणपत्रावर कोणी संशय घेतलेला नसतो. तिची कमाई ज्या गटात बसते, त्या गटावर संशय आहे.

हे थांबणं ज्या यंत्रात घडतं, ते यंत्रही पाहण्यासारखं आहे. प्रत्येक करदात्याचं खातं ज्यात असतं, त्या प्रणालीचं नाव इंडिव्हिज्युअल मास्टर फाइल. तिचा जन्म १९६० च्या दशकातला. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला खात्याचं राष्ट्रीय संगणक केंद्र १९६१ मध्ये उभं राहिलं, तेव्हा नोंदी चुंबकीय फितींवर होत्या. प्रणाली असेंब्ली आणि कोबोल भाषांत लिहिलेली. संघराज्य सरकारच्या सर्वांत जुन्या संगणक प्रणालींच्या यादीत तिचं नाव सरकारी लेखापरीक्षकांनी घेतलं आहे. अनेक दशकं ती आठवड्यातून एकदाच नोंदी चढवायची. बहुतेक खात्यांसाठी रोजची नोंद सुरू झाली ती २०१२ मध्ये.

थांबलेला माणूस या यंत्राकडे दोन खिडक्यांतून पाहतो. पहिली ‘व्हेअर्ज माय रिफंड’ हे साधन. मिळालं, मंजूर झालं, पाठवलं, असे तीन टप्पे. ते दिवसातून एकदाच, बहुधा रात्री बदलतं, त्यामुळे दिवसभर पुन्हा पुन्हा उघडून हाती काही लागत नाही. दुसरी खिडकी म्हणजे खात्याचा उतारा, ट्रान्स्क्रिप्ट. त्यात तीन आकडी संकेत असतात आणि लोक ते पाढ्यांसारखे पाठ करून बसतात. १५० म्हणजे विवरणपत्राची नोंद झाली. ८०६ म्हणजे पगारातून कापलेला कर जमा. ७६६ आणि ७६८ म्हणजे क्रेडिटं जमा, त्यातलं ७६८ अर्न्ड इन्कमचं. ५७० आला की काळजात धस्स होतं, कारण त्याचा अर्थ काहीतरी अडलं आहे. ९७१ म्हणजे पत्र निघालं. आणि ज्याची सगळे वाट पाहतात तो ८४६: परतावा काढला, समोर तारीख. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटे उठून ८४६ शोधणाऱ्यांत गोदामात रात्रपाळी करणारे असतात, वृद्धाश्रमात सेवा करणाऱ्या असतात, जेवणघरांत भांडी घासणारे असतात.

त्यांची घाई समजायला हे पैसे कुठे जातात ते पाहावं. गिरणगावात दिवाळीच्या बोनसवर वर्षभराची उधारी भागायची, तसंच इथे घडतं. बॉस्टनच्या त्या अभ्यासात मोठा वाटा थकलेली बिलं आणि कर्ज फेडण्यात गेलेला दिसतो. जुनी गाडी दुरुस्त होते, नाही तर दुसरी घेतली जाते, कारण गाडीशिवाय कामावर जाता येत नाही. थोडं मुलांच्या हौसेसाठी. आणि जानेवारी-फेब्रुवारी हे थंडीचे महिने, घर गरम ठेवण्याचं बिल सर्वांत मोठं.

अशा वेळी मधले लोक उभे राहणारच. विवरणपत्र भरून देणारी दुकानं आणि बँका येणाऱ्या परताव्यावर कर्ज द्यायच्या, थोड्या दिवसांसाठी घसघशीत शुल्क घेऊन. करदात्याच्या परताव्यातून सरकारी थकबाकी कापली जाणार का, याचा इशारा आयआरएस बँकांना आगाऊ देत असे. २०११ च्या हंगामापासून तिनं तो बंद केला, नियामकांनीही दट्ट्या लावला, आणि बँकांची ती कर्जं २०१२ मध्ये संपली. पाथ कायद्यानं वाट पाहणं लांबवलं तसा हा व्यवहार नव्या रूपात परतला: विवरणपत्र आमच्याकडे भरा, बिनव्याजी उचल घ्या. उचलीला शुल्क नाही, पण विवरणपत्र भरण्याचं शुल्क आहेच. हे काम फुकट करून देणारे स्वयंसेवकही आहेत. व्हीटा ही त्यांची योजना १९६९ पासून चालते, वाचनालयांत, चर्चमध्ये. पण उसनवारी त्यांच्या हातात नाही.

सरकार मात्र या थांबण्याची काहीच किंमत मोजत नाही. कायद्यानुसार विवरणपत्राची अंतिम तारीख किंवा ते भरल्याची तारीख, यांतली जी नंतरची, तिच्यापासून ४५ दिवसांत परतावा दिला तर व्याज लागत नाही. जानेवारीत भरलेलं विवरणपत्रही १५ एप्रिललाच भरलं असं धरलं जातं. म्हणजे मेअखेरपर्यंत सगळं बिनव्याजी. आपल्या १९६१ च्या आयकर कायद्यात कलम २४४ए खाली वेळेवर विवरणपत्र भरणाऱ्याला, काही अटींवर, एक एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज धरलं आहे. बेंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राकडून येणाऱ्या परताव्याला उशीर झाला तर त्याला निदान भाव तरी आहे.

१५ फेब्रुवारी उलटली म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. कोणाचं मूल कोणाकडे वर्षाच्या निम्म्याहून जास्त काळ राहिलं, हा अर्न्ड इन्कम क्रेडिटचा कळीचा प्रश्न आहे. विभक्त आई-वडील, आजीकडे वाढणारी मुलं, अशा घरांत त्याचं उत्तर शाळेच्या आणि दवाखान्याच्या कागदांनी सिद्ध करावं लागतं. चुकीच्या दाव्यांचं प्रमाण खात्याच्या अंदाजानुसार अनेक वर्षं पाचव्या हिश्शाहून जास्त राहिलं आहे. त्यात फसवणूक आहे, पण नियमांच्या गुंत्यातल्या चुकाही आहेत. तपासणी बहुतेक पत्रांतून होते आणि तोवर पैसे अडकतात. जानेवारी २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांसह एका गटानं दाखवलं की कृष्णवर्णीय करदात्यांची तपासणी इतरांच्या २.९ ते ४.७ पट होते. विवरणपत्रात वंशाची नोंदच नसते, तरीही निवडीचे निकष तिथे पोहोचतात. त्याच वर्षी मे महिन्यात आयुक्त डॅनियल वेर्फेल यांनी सिनेटला लिहिलेल्या पत्रात हा फरक मान्य केला.

हे सगळं बदलता येत नाही, असं म्हणायची सोय २०२१ मध्ये संपली. त्या वर्षी चाइल्ड टॅक्स क्रेडिट वाढवलं गेलं आणि त्यातला निम्मा भाग १५ जुलैपासून दरमहा आगाऊ दिला गेला. सहा वर्षांखालच्या मुलाला महिन्याला ३०० डॉलरपर्यंत, मोठ्याला २५०. पहिल्याच महिन्यात सुमारे सहा कोटी मुलांच्या घरी सुमारे १५ अब्ज डॉलर पोहोचले. पाठवणारी आयआरएसच होती, त्याच जुन्या प्रणालीसह. पूरक मोजणीनुसार बालदारिद्र्य त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर उतरलं. योजना संपल्यावर २०२२ मध्ये ते १२.४ टक्के झालं. अर्न्ड इन्कम क्रेडिटचेही काही पैसे पगारासोबत आगाऊ घेण्याची सोय १९७९ पासून होती. ती फार थोड्यांनी वापरली आणि २०१० नंतर ती बंद झाली. वर्षाअखेर हिशेब चुकला तर पैसे परत करावे लागतील, ही भीती लोकांना होती. यातून दिसतं ते इतकंच की पैसे कधी द्यायचे हे यंत्र ठरवत नाही, काँग्रेस ठरवते.

खोटे दावे रोखायलाच हवेत, आणि त्यासाठी काही दिवस थांबवणं गैर नाही. पण ३१ जानेवारीला कंपन्यांचे डब्ल्यू-२ सरकारकडे आलेले असतात. ज्या विवरणपत्रातला पगाराचा आकडा त्यांच्याशी जुळतो, ते निदान पगाराच्या मुद्द्यावर तरी अडवायचं कारण उरत नाही. जी जुळत नाहीत, ती अडवावीत. आणि तरीही सगळ्यांनाच थांबवायचं असेल, तर एकविसाव्या दिवसानंतर व्याज सुरू व्हावं. कर भरायला उशीर करणाऱ्याकडून आयआरएस पहिल्या दिवसापासून व्याज घेते. ९,५८५ डॉलरवरचं काही दिवसांचं व्याज फार नसेल, पण लाखो कुटुंबांचं मिळून ते खात्याच्या हिशेबात एक ओळ होऊन बसेल. ज्या खर्चाची ओळ असते, तो कमी कसा करायचा हे दरवर्षी कोणाला तरी विचारावं लागतं. आज तो खर्च त्या आईच्या घरभाड्याच्या उशीर-दंडात जातो, आणि सरकारी हिशेबात त्याची नोंद कुठेच नाही.