बाळ एकाच बाजूला पिते तेव्हा

नवजात अर्भकाला मातेच्या दुधाइतका योग्य आहार दुसरा नाही, हे आता सर्वमान्य झाले आहे. जन्मानंतर पहिल्या तासाच्या आत स्तनपान सुरू करावे, पहिले सहा महिने केवळ मातेचेच दूध द्यावे आणि पुढे पूरक आहाराच्या जोडीने दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ ते चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तथापि, २०१९-२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सहा महिन्यांखालील बालकांपैकी ६३.७ टक्के बालकांनाच निव्वळ स्तनपान मिळत असल्याचे आढळून आले. इतर बालकांना पाणी किंवा वरचे दूध देण्यामागे अनेक कारणे असतात. त्यांपैकी एक कारण वरवर पाहता क्षुल्लक, परंतु परिणामी गंभीर आहे. ते म्हणजे, बाळाने एका बाजूला पिण्यास नकार देणे.

अशा वेळी बाळ एका बाजूला समाधानाने पिते. दुसऱ्या बाजूला घेताच मान फिरवते, अंग ताठ करते आणि रडू लागते. "त्या अंगाला दूधच नाही" किंवा "त्या बाजूचे दूध बाळाला सोसत नाही" असा निष्कर्ष घरात काढला जातो व पावडरच्या दुधाचा डबा आणला जातो. बाटली स्वच्छ नसली, पाणी उकळलेले नसले, किंवा डबा पुरवून वापरण्यासाठी दूध पातळ केले गेले, तर बाळाला अतिसार व कुपोषण यांचा धोका निर्माण होतो. शिवाय वरच्या दुधाने पोट भरल्यामुळे बाळ अंगावर कमी पिते आणि मातेचे दूध खरोखरच कमी होऊ लागते. आरंभी जी केवळ शंका होती, ती अशा रीतीने खरी ठरते.

मागणी तसा पुरवठा

बाळ चोखू लागले की मातेच्या शरीरात दोन संप्रेरके स्रवतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते, तर ऑक्सिटोसिनमुळे पान्हा फुटतो. ही संप्रेरके रक्तावाटे दोन्ही स्तनांपर्यंत पोहोचतात. परंतु कोणत्या बाजूला किती दूध तयार व्हावे, हे त्या बाजूचे दूध किती रिकामे होते यावरही अवलंबून असते. साचून राहिलेले दूध त्याच स्तनातील निर्मिती मंद करते. म्हणून ज्या बाजूला बाळ कमी पिते, तेथील दूध कमी होते. ज्या बाजूला अधिक पिते, तेथील वाढते. दोन्ही स्तनांच्या आकारात काही काळ फरक दिसतो तोही यामुळेच. त्यात काळजीचे कारण नाही.

यावरूनच दुसरी महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. वारंवार पाजल्यास एका बाजूचे दूधही बाळाला पुरू शकते. जुळ्या बालकांच्या अनेक माता प्रत्येक बाळाला एकेक बाजू देऊन दोघांचेही पोषण करतात. हाँगकाँगच्या किनाऱ्यावर नौकांत राहणाऱ्या टांका समाजातील स्त्रिया पोशाखाच्या ठेवणीमुळे परंपरेने केवळ उजव्या बाजूलाच पाजत असत, अशी नोंद १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात आहे.

नकाराची कारणे

काही कारणे मातेच्या बाजूची असतात. एका बाजूचे स्तनाग्र सपाट किंवा आत वळलेले असणे, दूध दाटून स्तन कडक होणे, स्तनाग्राला चिरा पडणे, पूर्वी झालेली शस्त्रक्रिया ही त्यांपैकी काही होत. एका बाजूचा पान्हा फार जोराने येऊन बाळाला ठसका लागतो, तर दुसऱ्या बाजूचा उशिरा फुटतो. स्तनाला सूज व संसर्ग झाल्यास त्या बाजूचे दूध काहीसे खारट लागते. पुष्कळदा मातेची सवय हेही कारण असते. उजवा हात मोकळा राहावा म्हणून ती नकळत बाळाला डावीकडेच अधिक वेळा घेते.

काही कारणे बाळाची असतात. मानेचा एका बाजूचा स्नायू आखडलेला असणे, अवघड प्रसूतीत गळपट्टीच्या हाडाला इजा होणे, कान दुखणे, एक नाकपुडी चोंदणे किंवा लस टोचलेल्या जागेवर दाब पडणे, यांमुळे त्याला एका कुशीवर धरलेले सोसत नाही. दूध तेच असते. अडचण असते ती धरण्याच्या पद्धतीची.

सोपे उपाय

बाळ अर्धवट झोपेत व शांत असताना, फार भुकेने रडू लागण्यापूर्वी, नावडती बाजू प्रथम द्यावी. तेवढ्याने न साधल्यास आवडत्या बाजूला पाजून पान्हा फुटू द्यावा व बाळाची कूस न बदलता त्याला अलगद दुसऱ्या बाजूला सरकवावे. त्याचे पाय मातेच्या बगलेखालून पाठीकडे जातील असे धरल्यास हे सहज जमते. पाजताना केवळ स्तनाग्र नव्हे, तर सभोवतालचा काळसर भागही बाळाच्या तोंडात जावयास हवा. स्तन दाटला असल्यास कोमट पाण्याच्या घडीने शेकून थोडे दूध हाताने काढावे. बाळ त्या बाजूला पीत नाही तोवर तेथील दूध नियमितपणे काढून स्वच्छ वाटी-चमच्याने पाजावे; त्यामुळे निर्मिती टिकून राहते. बळजबरी मात्र करू नये. तिने नकार अधिकच पक्का होतो.

दूध पुरते की नाही, हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नये. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाकाठी सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल, साधारणतः दोन आठवड्यांत जन्मवजन भरून निघाले असेल आणि पुढे वजन वाढत असेल, तर दूध पुरेसे आहे असे समजावे.

तपासणी केव्हा आवश्यक?

मातेला ताप, स्तनावर लाली व वेदना असल्यास. बाळ मान वळवीत नसल्यास, एक हात हलवीत नसल्यास, सुस्त असल्यास किंवा त्याचे वजन वाढत नसल्यास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. पूर्वी दोन्हीकडे पिणाऱ्या बाळाने एक बाजू अकस्मात सोडली आणि त्या स्तनात न विरघळणारी गाठ लागली, तर तीही डॉक्टरांना दाखवावी. बहुतेक गाठी साध्या असतात. तथापि क्वचित प्रसंगी त्यामागे गंभीर विकार असू शकतो.

गावाचा वाटा

नवजात बालकाच्या घरी आशा स्वयंसेविका पहिल्या बेचाळीस दिवसांत ठरावीक भेटी देतात. केंद्र शासनाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'माँ' कार्यक्रमाचाही भर मातेला असे प्रत्यक्ष साहाय्य देण्यावर आहे. दोन वर्षांखालील बालकांसाठीच्या दुधाच्या पर्यायांची व बाटल्यांची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने मनाई केली आहे. परंतु पहिला डबा घरात येतो तो बहुधा जाहिरातीपेक्षा घरच्यांच्या भीतीमुळे. ती भीती दूर करण्याचे काम पंचायत सदस्य, शिक्षक व अंगणवाडी सेविका ग्रामसभेत, माता मेळाव्यात आणि सासूबाईंशी होणाऱ्या साध्या बोलण्यातूनही करू शकतात. बाळाने एका बाजूला पाठ फिरवली म्हणजे मातेचे दूध आटले असे नव्हे, एवढी गोष्ट घरोघरी पोहोचली, तरी अनेक बालकांचा हक्काचा आहार अबाधित राहील.