गणिताने वाढलेलं ताट

गेल्या वर्षी माझी साखर वाढली आणि डॉक्टरांनी ताटाचं एक चित्र हातात ठेवलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेलं. दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी धान्य 250 ग्रॅम, डाळी-अंडी-मांस मिळून 85, भाज्या 400, फळं 100, दूध 300 मिलिलिटर, तेल 27. बायकोने वाचून विचारलं, ‘‘हे कच्चं की शिजवलेलं?’’ कच्चं. पण हे 85 आले कुठून, 90 का नाहीत, हे मला छळू लागलं.

ही गोष्ट जुनी आहे. 1945 साली जॉर्ज स्टिगलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 77 खाद्यपदार्थ घेतले, नऊ पोषणघटकांची गरज ठरवली आणि सर्वांत स्वस्त आहार शोधला. उत्तर आलं गव्हाचं पीठ, आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि वाळवलेला घेवडा. वर्षाला चाळीस डॉलरच्या आत! खायचं कुणी, हा प्रश्न वेगळा. खुद्द स्टिगलरही त्याची शिफारस करत नव्हते.

पुढे गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांना वजन कमी करायचं होतं. पोट भरल्यासारखं वाटावं आणि कॅलरी मात्र मर्यादेत राहाव्यात, असं गणित त्यांनी संगणकाला घातलं. उत्तरात रोज पाचशे गॅलन व्हिनेगर आलं! ते वगळलं, तर रस्सा करायच्या दोनशे वड्या आल्या. मिठावर मर्यादा घालायची राहून गेली होती. यंत्र चुकलं नव्हतं. जी अट सांगितली नाही, ती त्याने पाळली नाही, एवढंच.

आताची पद्धत अधिक शहाणी आहे. पदार्थांचे गट पाडतात. पालेभाजी म्हटली, की लोक पालक किती, मेथी किती खातात त्या प्रमाणात एक सरासरी जुडी कागदावर बांधतात. प्रत्येक गटाचं माप धरून लोह, कॅल्शियम, प्रथिनं यांची बेरीज करतात, गरजेशी ताडून पाहतात. कमी पडलं की माप बदलायचं, पुन्हा बेरीज. दूध काढलं तर कॅल्शियम घसरतं, मग नाचणी आणा. अमेरिकेच्या शेती खात्याने 2005 चा आहार-पिरॅमिड असाच रचला. कवी माणसाला सरासरी हा शब्द रुचत नाही. माझ्या अम्मीची पाथरीची भाजी त्या जुडीत असेल का, असली तर किती पानं, असं मनात येतंच.

पण खरी अडचण पाथरीची नाही. आपल्या ताटात निम्म्याहून जास्त कॅलरी धान्यातून येतात, संस्था म्हणते 45 टक्क्यांपर्यंत याव्यात. डाळी-मांसातून सहा ते नऊ टक्के येतात, हव्यात चौदा. स्टिगलरने निदान भाव धरले होते. आमच्या या चित्रावर भाव छापलेला नाही. 85 ग्रॅम डाळ म्हणजे माणशी महिन्याला अडीच किलो. पाच जणांच्या घरात साडेबारा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळतं. त्या कायद्यात डाळ नाही.

बायकोने चित्र डाळीच्या डब्यावर चिकटवलं आहे. डबा दोन किलोचा आहे.